मामीचं नाव

उस्मानपुऱ्यातल्या निम्म्या पोरांची नावं आमच्या मामाने ठेवली. बाळ झालं की लोक पेढे घेऊन यायचे आणि मामा डोळे मिटून, मोठा विचार केल्यासारखं करून, राहुल नाहीतर आम्रपाली असं काहीतरी काढून द्यायचा. स्वतःच्या बायकोला मात्र जन्मभर 'अगं ए'.

मामीचं नाव सुजाता. काय वाईट आहे हो त्यात? आमच्या करमाडहून रोजची ये-जा नको म्हणून कॉलेजला मी त्यांच्याकडेच राहायला होते. मामाने 'अगं ए' केलं की मागच्या दारी भांडी घासणारी मामी उठायचीच, पण शेजारच्या दोन बायकाही माना वर करायच्या. मामी म्हणायची, "बसा गं, तुमचं नाय. आमचं येडं ओरडतंय." हसायची, पण तिला ते लागायचं. भाकरी थापता थापता एकदा बोलली, "आईबापानं लई हौसेनं ठेवलं होतं नाव. लग्न झालं अन् ते तसंच पडून राह्यलं. एकदा तरी यांनी घ्यावं."

आणि हा माणूस सभांमध्ये भाषणाला उभा राहिला की काय सांगायचा? जुन्या रूढी सोडा, बायकोला बरोबरीने वागवा. टाळ्या पडायच्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

एकदा मामीने ठरवलं, नावाने हाक मारल्याशिवाय ओ द्यायची नाही. सकाळी मामाने 'अगं ए' केलं. मामी गप्प. पुन्हा केलं, तरी गप्प. मग मला म्हणाला, "पोरी, तुझ्या मामीला चहा ठेवाय सांग."

"तुम्हीच सांगा की मामा, नाव घेऊन."

तर लाजला. "या वयात लई हौस सुचली तिला. लोक काय म्हणतील?"

लोकांना घाबरू नका म्हणून घसा कोरडा करणारा माणूस हा. दोन दिवस टपरीवर चहा प्यायला, पण नाव घेतलं नाही. "जाऊ दे, पित्त वाढंल त्यांचं," म्हणत शेवटी मामीनेच आधण ठेवलं. त्या दिवशी मी तिच्यावरही चिडले.

गेल्या वर्षी मामीला पक्षाघाताचा झटका आला. शुद्ध नव्हती. डॉक्टर म्हणाले, जवळच्या माणसाने नावाने हाक मारून बघा, कधीकधी पेशंट डोळे उघडतो. मामा कॉटवर वाकला. "अगं ए," म्हणाला. "ए, ऐक की." रडत होता, तिच्या हातावरून हात फिरवत होता, पण जीभ काही वळेना. "नाव घ्या मामा," मी ओरडले, तशी नर्स धावत आली. मामाने तोंड उघडलं आणि मिटलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मामी गेली.

मामीसाठी ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेत मामा माईकसमोर उभा राहिला. "माझी सुजाता," म्हणाला. सुजाताने संसार केला, सुजाताने मला घडवलं, दर वाक्याला सुजाता. बायका पदराने डोळे पुसायला लागल्या. मला राहवलं नाही. मी भर सभेत उठले.

"मामा, बसा खाली. आम्हाला माहीत आहे तिचं नाव."