आडवा पट्टा

वर्ध्याजवळ सेलूला माझा फोटो स्टुडिओ होता. लग्नाची कामं आमच्याकडे यायची ती माझ्या कौशल्यामुळे नव्हे, माझी बायको फोटो काढायची म्हणून. हळदीच्या वेळी नवरीभोवती बायकाच असतात. पाठीला, पायांना हळद लागते, तिथे पुरुष फोटोग्राफर कोणाला चालत नसे. मी मांडवात थांबायचो, ती आत जायची. "फोटोवाल्या बाईले घेऊन येजो भाऊ, नाई त तू बी येऊ नोको," असं लोक तोंडावर सांगायचे. मी हसायचो. पण ते लागायचं.

नव्वदच्या दशकात तिच्याकडे रिळाचा छोटा कॅमेरा होता, खेळण्यासारखा हलका. रीळ जपून वापरावं लागे, म्हणून मोजके फोटो काढले की ती तो कोनाड्यात ठेवून बायकांत बसायची. पुढे डिजिटल आला. मोठा, जड, वर फ्लॅश. आणि त्याला रीळ संपणं माहीतच नाही. "माहा एक काढ वो बाई," "पाहू दे, डोये मिटले काय माहे?" हे दिवसभर. तो कॅमेरा तिच्या गळ्यातून उतरेना. सोबत डब्यातून आलेला पट्टा अरुंद होता, कडेला कडक. त्याखाली तिचं मंगळसूत्र दबायचं आणि काळे मणी मानेत रुतायचे. एकदा तिनं ते काढून बटव्यात ठेवलं, तर मी रागावलो. शुभकार्यात बाई उघड्या गळ्यानं गेली तर लोक काय म्हणतील! तेव्हापासून ती पट्ट्याखाली रुमालाची घडी ठेवू लागली.

एका लग्नसराईच्या आधी आम्ही दोघं नागपूरला पट्टे घ्यायला गेलो. दुकानदारानं बरेच काढून दाखवले. एक रुंद होता, आत मऊ गादी असलेला, मानेवर घ्यायचा. एक लांब होता, खांद्यावरून छातीवर तिरपा घेऊन कमरेशी कॅमेरा लटकवायचा. तिनं तो लांब पट्टा पदरावरून घालून पाहिला. कॅमेरा हातात उचलला, सोडला, पुन्हा उचलला. तिचा चेहराच बदलला.

"हा चांगला हाय," ती म्हणाली. "मानेवर काईच येत नाई वो."

दुकानाच्या मागच्या भिंतीला आरसा होता. त्यात मला दिसलं की पट्ट्यानं पदर दाबला गेलाय आणि तिची छाती दोन बाजूंना वेगळी दिसतेय. शेजारी उभं असलेलं गिऱ्हाईकही तिकडेच बघत होतं. निदान मला तसं वाटलं.

"नको," मी म्हणालो.

रुंद गादीचा पट्टा मी माझ्या कॅमेऱ्याला घेतला. माझा जास्त जड आहे, असं दुकानदाराला सांगितलं. खरं तर तो मला जड जात नव्हता. तिच्यासाठी काही घेतलं नाही.

परतीच्या बसमध्ये बुटीबोरी मागे पडली. मग ती म्हणाली, "काऊन नोको म्हनलं?"

"बरं नाई दिसत."

"कोनाले?"

समोर कंडक्टर छातीवर आडवी पिशवी घालून तिकिटं फाडत होता.

आत बायकाच असतात, तिथे तिच्याकडे कोण बघणार होतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण तिला मांडवातून जावं लागे, घरभर हिंडावं लागे, आणि तिला मागणी होती, माझ्यापेक्षा जास्त. तिच्या अंगावर माझं काहीतरी चालावं असं मला वाटत असणार. आज एवढंच सांगता येतं.

त्या सराईत तिची मान दुखू लागली. मग उजव्या हाताला मुंग्या येऊ लागल्या. रात्री झोपेत ती हात झटकायची. शेवटी मी तिला वर्ध्याला हाडांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांनी मान वळवून पाहिली, हात दाबून पाहिला, आणि विचारलं, "मानेवर, डोक्यावर काही वजन घेता का रोज?"

ती माझ्याकडे बघत राहिली. डॉक्टरांनी परत विचारलं तेव्हा म्हणाली, "पानी भरतो ना सायेब. डोक्यावर गुंड राह्यते."

"बंद करा ते. शीर दबते आहे. ऐकलं नाही तर हात जाईल."

मी मान डोलावली. कॅमेऱ्याचं नाव काढलं नाही. काढलं असतं तर ते म्हणाले असते, बंद करा. आणि पुढच्या लग्नांची कामं मी घेऊन बसलो होतो.

दुसऱ्या दिवसापासून पाणी मी भरू लागलो. खांद्यावर पाण्याचा गुंड घेऊन नळावरून येताना शेजारची म्हातारी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "पाहा रे पोट्टेहो, बायकोसाठी पानी भरते! असा मानूस पाह्यजे!" मला ते ऐकायला आवडायचं. हेही लिहून टाकतो.

आणि बायको गळ्यात कॅमेरा अडकवून हळदीला जात राहिली.

पुढच्या उन्हाळ्यात तळेगावला एक लग्न होतं. मी मांडवात होतो, आतून आवाज आला आणि बायकांचा गलका. मला कोणीतरी दाराशी बोलावलं. नवरी पाटावर हळद माखून बसलेली, आणि पाटाशेजारी फरशीवर कॅमेरा पडलेला, लेन्स फुटलेली. मानेचं दुखणं सहन होईना म्हणून तिनं पट्टा गळ्यातून काढला होता आणि कॅमेरा नुसता हातात धरला होता. बोटांनी तो सोडून दिला, तिला कळलंही नाही.

"अपशकून झाला माय," नवरीची मावशी म्हणाली. "भाऊ, आता फोटो कसे येतीन?"

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "बाईच्या हातात मशीन देल्ली का असंच होते."

दोन-तीन जणी हसल्या. मावशी म्हणाली, "मंग तूच ये ना भाऊ आत, पातळ नेसून!" तेव्हा सगळ्याच हसल्या. मीसुद्धा.

बायको म्हणाली, "हाताले हळद होती, सटकलं."

तिच्या हाताला हळद नव्हती. मला दिसत होतं. हात कोरडे होते, आणि उजवा तिनं पदराखाली घेतला होता.

त्यानंतर तिनं कॅमेऱ्याला हात लावला नाही. मी लावू दिला नाही म्हणून नाही. तिला बटण दाबता येत नव्हतं. वर्ध्याच्या डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्यात पाठवलं, तिथे म्हणाले, उशीर झाला. मग औषधं, मानेला गळपट्टा, शेक. मान बरी झाली. उजव्या हाताचा अंगठा आणि पहिली दोन बोटं आहेत, पण तिला ती आपली वाटत नाहीत. हळदीची कामं दुसऱ्या स्टुडिओकडे गेली. लोक विचारायचे, बाई काऊन नाई येत आता? मी सांगायचो, तिचं मनच उडालं. ती बाजूला उभी असली तरी तेच सांगायचो.

इतकी वर्षं मी त्या डॉक्टरच्या खोलीबद्दल बोललो नव्हतो. गेल्या उन्हाळ्यात एका दुपारी ती दारात बसून सुपात तुरीची डाळ निवडत होती, डाव्या हातानं. मी समोर बसलो आणि एका दमात म्हणालो, "त्या दिवशी डॉक्टरनं इचारलं, तवा मीनं कॅमेऱ्याचं सांगाले पाह्यजे होतं."

तिचा हात थांबला नाही. "मले नाई का सांगता येत होतं?"

"मंग काऊन नाई सांगितलं?"

"तुमी सांगता का, ते पाहून राह्यली होती."

तिनं सूप माझ्याकडे सरकवलं.

"खडे पाहा जरा," ती म्हणाली. "मले बोटाले समजत नाई."