कुलूप नसलेली जागा

व्हिडिओ कॉलवर बोलता बोलता ताई चहा आणायला उठली, आणि मला दिसलं की तिनं आधी टेबल धरलं, मग खुर्चीची पाठ धरली आणि मग भिंत. दीड-दोन महिन्यांपूर्वी हीच बाई गुडघ्याचं ऑपरेशन करून माझ्याकडं नागपूरला राहिली होती. आमच्या सोसायटीच्या बागेत रोज सकाळ-संध्याकाळ फिरून पाय मोकळा करून, काठीसुद्धा न घेता घरी गेली होती. मी विचारलं, "चालून राह्यली ना रोज?" तर म्हणते, "कुठं चालू? तूच सांग." डॉक्टरांनी तिच्यासमोर आणि माझ्यासमोर स्पष्ट सांगितलं होतं की हे काही महिने सपाट जमिनीवर रोज चालायचंच, नाही तर गुडघा आखडेल आणि मग आयुष्यभर तसाच राहील. एवढ्या मोठ्या शहरात बाईमाणसाला चालायला जागा नाही म्हणजे काय? मी म्हटलं, थांब, मीच येते आणि बघते.

तर ही सहल बागांची आहे. शहराचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर दुसऱ्याच दिवशी कोणीतरी ताईच्या दारात येऊन "तुमच्या बहिणीनं हे काय लिहिलं" म्हणून विचारेल, आणि तिथं राहायचं तिला आहे. यवतमाळ जिल्ह्यात आहे, तालुक्याचं गाव आहे, एवढं पुरे.

जाण्याबद्दल सांगते. नागपूरहून यवतमाळचा रस्ता आता फर्स्ट क्लास आहे, कळंब कधी येतं कळत नाही. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळं खासगी गाडीच्या नादी लागू नका. यवतमाळला गाडी बदलून दारव्ह्याच्या रस्त्याला लागलं की मात्र कंबर सांभाळून बसा. जानेवारीत गेलात तर दोन्ही बाजूंना शेवटच्या वेचणीचा कापूस, शेंगांनी वाकलेली तूर आणि मधे हरभऱ्याचा हिरवा पट्टा, डोळ्यांना फार बरं वाटतं. बोरी अरबला गाडी थांबली तेव्हा आलूबोंडा खाल्ला, वर तर्री ओतून. जिभेला चटका बसला आणि डोळ्यांतून पाणी आलं, पण एकावर भागलं नाही. तिथवर माझा मूड उत्तम होता.

ताईनं तुरीच्या सोल्यांची भाजी आणि भाकरी करून ठेवली होती. ओट्याला टेकून, एका पायावर भार देऊन भाकरी थापत होती. मी ओरडले तर म्हणाली, "बसून कराले गुडघा वाकत नाही, अन् उभी राह्यली तं दुखते. सांग कशी करू?" भाऊजी जाऊन चार वर्षं झाली, मुलगा पुण्याला, घरात ती एकटी. घर मेन रोडवर. फाटक उघडलं की समोर ट्रॅक्टर, बाजूला मोटरसायकली, आणि फूटपाथ म्हणून जे काही आहे त्यावर भाजीवाले. इथं ती कुठं चालणार, हे मला उभ्या उभ्या कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. शेजारी सलीमभाईंचं गॅरेज आहे, त्यांचा स्वतःचा ऑटोही आहे. भाऊजींशी त्यांची पंचवीस वर्षांची यारी. भाऊजींना भाऊसाहेब म्हणायचे, ताईला भाभी म्हणतात. मी कुठं कुठं जायचं ते सांगितल्यावर ते हसले आणि म्हणाले, "चला मॅडम, दाखवतो तुम्हाले आमच्या गावचे गार्डन. डोकं शांत ठेवजा फक्त."

नाही ठेवता आलं. पहिली बाग घराजवळचीच, ज्येष्ठ नागरिकांसाठी म्हणून पाटी लावलेली. आत आदल्या रात्रीच्या रिसेप्शनचा मंडप उतरवणं चालू होतं. चालायच्या ट्रॅकवर मंडपाच्या बल्ल्यांसाठी खड्डे खणलेले, सगळीकडं प्लास्टिकचे ग्लास, आणि उरलेल्या जिलेबीवर कुत्री. मंडपवाल्याला विचारलं, हे खड्डे बुजवणार कोण? तो म्हणाला, "कायले बुजवायचे? परवा अजून एक लग्न हाय." व्यायामाची लोखंडी यंत्रंही आहेत बरं का, पिवळ्या-निळ्या रंगाची. हातानं फिरवायचं मोठं चाक कंपाऊंडच्या भिंतीला इतकं चिकटवून बसवलंय की फिरवायला गेलं तर बोटं भिंतीवर घासतात. बसवणाऱ्यानं एकदा तरी फिरवून बघितलं असेल? मी बघितलं. दोन बोटांची सालटी निघाली. ताई म्हणते, "मी तुले सांगणारच होती."

दुसरी जागा टेकडीची. तिथं 'निसर्ग पायवाट' अशी कमान उभी केली आहे. लहानपणी आम्ही त्या टेकडीवर सीताफळं खायला जायचो, गुरांच्या वाटेनं, वळसे घेत घेत. ती वाट म्हाताऱ्या माणसालाही चढायची. आता ती बुजवून सरळ नाकासमोर सिमेंटच्या पायऱ्या बांधल्यात, एकेक पायरी गुडघ्याएवढी उंच. कठडा नाही. पायऱ्यांसाठी सीताफळीची झाडं तोडली आणि वर पोचल्यावर फोटो काढायला शहराच्या नावाची भलीमोठी अक्षरं उभी केली. सगळी झाडं काढून, सिमेंट ओतून त्याला निसर्ग म्हणायचं, आणि आपण खाली उभं राहून टाळ्या वाजवायच्या. ताईनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला, वाकवायला गेली आणि ओठ घट्ट मिटून तसाच खाली घेतला. सलीमभाई ऑटो वळवायला गेले.

तिसरी बाग मात्र बघितली आणि मला वाटलं, सुटलो. अगदी नवीकोरी. गावाबाहेरच्या वस्तीत, ऑटोनं फार लांब नाही. गजांच्या फाटकातून आतला मुरमाचा गोल ट्रॅक दिसत होता, छान दाबलेला, सपाट, ताईच्या पायासाठीच केल्यासारखा. बाकांवरचं पॅकिंगचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. दिव्याचे खांब, पाण्याची टाकी, सगळं तयार. आणि फाटकाला हे एवढं कुलूप. बाजूला दगडी पाटी, तिच्यावर भगवं कापड गुंडाळून सुतळीनं बांधलेलं. कापड उन्हानं पार विटून गेलं होतं.

आतून निळ्या शर्टातला चौकीदार आला. मी विचारलं, कधी उघडते?

"लोकार्पण नाही झालं अजून."

"कधी आहे?"

"साहेबाची तारीख नाही भेटून राह्यली. दिवाळीच्या आंधी ठरलं होतं, मंग निवडणूक लागली. आता पाहू म्हणते."

मी म्हटलं, दादा, माझ्या बहिणीचं ऑपरेशन झालंय, तिला फक्त दोन चकरा मारू द्या, आम्ही कशाला हात लावत नाही. त्यानं ताईच्या पायाकडं बघितलं. माणूस वाईट नव्हता, हे खरंच सांगते. म्हणाला, "मॅडम, ट्रॅकवर पयले पाय साहेबाचे पडले पाह्यजे. त्याच्या आंधी कोणी चाललं अन् कोणी फोटो काढला, तं माह्या पोटावर येते."

त्याच वेळी त्याच्या मागून चार-पाच बकऱ्या अगदी आरामात ट्रॅकवरून गेल्या. मी बोट दाखवलं. म्हणाला, "त्या मांगून येतात. मांगची भिंत पडली ना."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. आमच्या पैशांनी बांधलेली बाग, आमच्यासाठी म्हणून बांधलेली, आणि एका माणसाला फीत कापायला सवड नाही म्हणून अख्ख्या गावानं बाहेर उभं राहायचं. बकरीला मुभा आहे, माझ्या बहिणीला नाही. मागच्या पडक्या भिंतीकडं गेलो, तर तिथं विटांचा ढीग, धडधाकट माणूसही घसरेल असा. ताईनं ढीग बघितला आणि म्हणाली, "जाऊ दे सुमे. माह्या नशिबात घरातलीच भिंत धरून चालणं हाय." हे ती रडत म्हणाली असती तर मी समजूत काढली असती. ती अगदी सहज म्हणाली, उद्याच्या भाजीबद्दल बोलावं तशी. त्याचा मला सगळ्यात जास्त राग आला.

परतताना सलीमभाई पुढं बघत बघतच बोलले. "भाभी, एक जागा हाय. बोलू का नको, समजत नाही."

"बोला ना."

"मोक्षधाम. सपाट ट्रॅक, कडुनिंबाची सावली, नळाले पाणी. सकाळी किती तरी माणसं फिरतात तिथं. गेटले कुलूपच नाही. भाऊसाहेबाच्या टायमाले गेलतो मी, तेव्हापासून पाहून राह्यलो. चांगलं ठेवलं आहे."

ताई म्हणाली, "बायका नाही जात तिथं."

बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगते. आमच्याकडं बाईनं स्मशानात जायचं नसतं. माणूस घरातून निघाला की बायका फाटकापर्यंत जातात आणि तिथून मागं फिरतात. भाऊजींना नेलं तेव्हा ताई फाटकातूनच फिरली होती. सलीमभाई शेवटपर्यंत होते, गल्लीतले सगळे पुरुष होते, ज्यांचं भाऊजींशी कधी पटलं नाही तेही होते. जिनं तीस वर्षं संसार केला तिला त्यांना कुठं ठेवलं ते माहीत नाही. हे मला तोवर कधी खटकलं नव्हतं, ते त्या ऑटोत खटकलं. मी म्हटलं, ताई, तू नको म्हणत असशील तर नको.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठले तर ती स्वेटर घालून, काठी घेऊन खुर्चीत तयार बसलेली. "चाल," म्हणाली, "सलीमभाईले आवाज दे."

जागा सलीमभाईंनी सांगितली तशीच होती. देणगी देणाऱ्यांची नावं कोरलेले सिमेंटचे बाक, कण्हेरी, कडुनिंब, आणि कडेनं झाडून घेतलेला मुरमाचा रस्ता. लाज वाटण्याइतकी स्वच्छ. कानटोप्या घातलेली काही माणसं फिरत होती, ती आम्हाला बघून थबकली. एक म्हातारे काका जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "कोण गेलं, बाई?"

"कोणी नाही," ताई म्हणाली. "चालाले आली."

काका गोंधळले. मग काय सुचलं कोण जाणे, बाजूला सरून त्यांनी वाट दिली. मागून एक जण पुटपुटला, "आता बायाही येऊन राह्यल्या." मी वळून त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं बूट बांधायला घेतले.

ताई पहिला फेरा चालली. काठी टेकत, पण भिंत न धरता. दुसऱ्या फेऱ्यात ती मधेच थांबली आणि सलीमभाईंना म्हणाली, "यायले कुठं ठेवलं होतं?" यायले म्हणजे यांना, भाऊजींना.

सलीमभाईंनी पत्र्याच्या शेडखालचा कोपऱ्यातला ओटा दाखवला. ती तिथं जाऊन उभी राहिली. ओटा धुतलेला होता, वर कडुनिंबाचा पाला पडला होता. तिनं तो हातानं गोळा करून बाजूला टाकला, घरातला ओटा आवरावा तसा. मग म्हणाली, "चार वर्षं मी मनात एक काळी पडीत जागा धरून बसली होती. डोळा मिटला की तेच दिसे. इथं तं झाड हाय, सुमे. पाखरंही हायेत." आणि ती रडली, मीही रडले. सलीमभाई नळाकडं गेले आणि उगीच तोंड धुवत बसले. मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि राहिलेला फेरा पूर्ण केला.

मी नागपूरला परत येऊन आता बरेच दिवस झाले. ताई रोज जाते. व्हिडिओ कॉलवर परवा उठली तेव्हा तिनं फक्त टेबल धरलं. गल्लीतल्या दोघींनी विचारलं, आम्हीही येऊ का, त्यातली एक यायला लागली, दुसरीच्या सासूनं नाही म्हटलं. तुम्ही तिकडं गेलात तर तर्री खा, तुरीच्या शेंगा उकडून खा, टेकडीवर जाऊ नका.

आता कमेंटमध्ये कोणीतरी लिहिणारच, की बागेला कुलूप होतं म्हणून तर ताई तिथं पोचली, जे झालं ते बऱ्यासाठीच झालं. मेहरबानी करून लिहू नका. भाऊजींना निरोप द्यायचा हक्क तिचा चार वर्षांपूर्वीच होता, आणि पाय मोकळा करायला बाग तिची आजही आहे. एक गोष्ट आम्ही अडवली, दुसरी त्या साहेबांनी अडवून ठेवली आहे. तिनं तिची वाट काढली, त्याचं श्रेय मी कोणाला देणार नाही.

काल फोनवर मी विचारलं, ती नवी बाग उघडली तर जाशील ना?

"जाईन ना," ताई म्हणाली. "पण आंधी यायले सांगून येईन."

कुलूप अजून तसंच आहे.