ग्रीसमॅनचा तिसरा भाग

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं, पण ग्रीसचा वास आला की आकुर्डीतल्या आमच्या कारखान्याच्या कॅन्टीनचा फलक डोळ्यांपुढं येतो. त्यावर माझा शिफ्टमधला जोडीदार ‘ग्रीसमॅन’ची चित्रकथा कागदावर काढून लावायचा; ग्रीसमॅन म्हणजे कुणाच्याही हातातून निसटणारा वीर. मधे बंद पडलेली ती चित्रकथा त्यानं एकदा पुन्हा सुरू केली आणि दुसऱ्याच भागात दोरीचा चष्मा लावलेला माणूस ग्रीसमॅनच्या मागावर दिसला. चष्म्याला दोरी कारखान्यात फक्त माझ्याच होती. “हा चहाडखोर मीच ना?” मी त्याला विचारलं. “दम धर की राव, पुढच्या भागात कळंल.” मला दम धरवला नाही. हा तुमची टिंगल करतोय, असं साहेबांच्या कानावर घातलं आणि फलक रिकामा झाला. त्याच्या निवृत्तीच्या दिवशी त्यानं फलकावर कधीच न लागलेला तिसरा भाग माझ्या हातात ठेवला. त्यात चष्मेवाला ग्रीसमॅनचा जीव वाचवत होता. परवा माफी मागायला पिंपळे गुरवला त्याच्या घरी गेलो. “साखर कमी ना तुला?” त्यानं विचारलं. मी हो म्हणालो, चहा प्यायलो आणि परत आलो.