उरलेला वेळ : सात तास दहा मिनिटं

मीटरवर दिसत नाही ते नसतंच, असं मानणारा मी माणूस. अमरावतीजवळ नांदगाव पेठेत माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. कोणी भुताखेतांचं सांगायला लागलं की मी चहा मागवून विषय बदलतो. त्यामुळे हे लिहिताना माझी मलाच लाज वाटतेय… पण लिहितो.

आम्ही अमरावतीला राहतो. तीन वर्षांपूर्वी लकव्यानं आईची उजवी बाजू गेली. डावा हात इतका कापतो की चमचाही धरवत नाही. तिचं सगळं मी आणि बायको करतो. आणि आईचं रोज एकच — "विनू कधी येते रे?" विनू म्हणजे माझा धाकटा भाऊ, अमेरिकेत असतो. महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉल करणार, अन् लाडका तोच! जळायचो मी. सरळ सांगतो, जळायचो.

यंदा उन्हाळ्यात तिनं खाणंच सोडलं. मी घास पुढे केला की तोंड घट्ट बंद. असंच चाललं तर कठीण आहे, डॉक्टर म्हणाले. विनूनं लगेच तिकीट काढलं. सॅन फ्रान्सिस्को ते मुंबई… साडेतेरा हजार किलोमीटर, सोळा तास.

त्या दिवशी बायको अकोल्याला साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, गेली होती. सकाळी अकराला मी वरण-भाकरीचा काला घेऊन बसलो. आईनं मान फिरवली. "विनूच्या हातानं खाईन."

माझं डोकंच फिरलं. "मंग राह्य उपाशी!" म्हणालो, वाटी उशाशी आपटली अन् खोलीच्या दारात पाठ करून उभा राहिलो. मोबाईलवर त्याचं विमान दिसत होतं. उरलेलं अंतर सहा हजार दोनशे किलोमीटर, वेळ सात तास दहा मिनिटं. लेट झालं पाहिजे लेकाचं, असं मनात आलं… आलं खरं.

तेवढ्यात मागून हाक आली — "दादा!" शेजारचा टीव्ही असेल म्हणून मी वळलोही नाही.

थोड्या वेळानं वळलो तर आईच्या ओठाला वरण लागलेलं. वाटी रिकामी, अन् पालथी! खोलीला दार एकच, त्यात मी उभा. आणि जेवण झालं की वाटी पालथी घालायची खोड एकट्या विनूची. त्यावरून आईचे धपाटे खाल्लेत त्यानं.

"कोणं भरवलं तुले?"

"विन्यानं. दुसरं कोण?"

दुसऱ्या दिवशी विनू इथल्या बेलोऱ्याच्या विमानतळावर उतरला. कालच्या वाटीबद्दल मी अवाक्षर बोललो नव्हतो. गाडीत बसल्या बसल्या तोच म्हणाला, "दादा, काल विमानात डोळा लागला होता. सपनात आईले काला भरवून राहिलो होतो. तू दारात पाठ करून मोबाईल पाहत होता. आवाज दिला ना तुले… काहून नाही आला?"

मी गिअर टाकला.

पंधरा दिवसांनी तो परत गेला. त्या सात तास दहा मिनिटांचं कोडं मला आजही सुटलेलं नाही. जळणंही पुरतं गेलेलं नाही.

आता घास पुढे केला की आई डोळे मिटून विचारते, "विन्या का रे?" मी "हो" म्हणतो. ती खाते. मग वाटी मी पालथी घालतो.