करंगळी टेकवून एकेचाळीस सेकंद

नऊ सेकंद झाले आणि रंजनानं नाकावरचा चिमटा ओढून फेकला.

चिमटा टेबलाखाली गेला. ती खुर्चीतून अर्धी उठली, दोन्ही हातांनी टेबल घट्ट धरलं आणि म्हणाली, "मॅडम, मी मरते. खरंच मरते. दार उघडा."

दार उघडंच होतं. मी ते तिला दाखवलं, पाण्याचा ग्लास पुढे सरकवला आणि गप्प बसून राहिले. अशा वेळी समोरच्यानं धावपळ केली की पेशंटला वाटतं, म्हणजे खरंच काहीतरी झालंय. पंधराएक मिनिटांत तिचा श्वास ताळ्यावर आला. मग मी वहीत आकडा लिहिला. नऊ.

रोह्यातल्या एका दवाखान्याची ही मागची खोली. मी कॉलेजात फिजिऑलॉजी शिकवायचे, म्हणजे शरीर चालतं कसं ते, आणि सुट्टीच्या दिवशी इथे येऊन पीएचडीचं काम करायचे. विषय होता पॅनिक अटॅकची शारीरिक कारणं. मोबाइल अजून डॉक्टरांच्याही खिशात नव्हता तेव्हाची ही गोष्ट. या आजाराचं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. छातीत धडधड, हातपाय गार, आणि आत्ता या क्षणी आपण मरणार अशी पक्की खात्री. ईसीजी काढावा तर तो स्वच्छ. मग घरचे म्हणायचे, हिचे मनाचे खेळ आहेत. मला त्या वाक्याचा भयंकर राग यायचा. अर्धी पीएचडी मी त्या रागावरच केली.

आपण श्वास रोखून धरला की थोड्या वेळानं आतून कुणीतरी ढोसतं, "आता घे." आपल्याला वाटतं, ऑक्सिजन संपला. तसं नसतं. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि मेंदूच्या बुडाशी असलेल्या काही पेशींना त्याचा पत्ता लागतो. त्या घंटा वाजवतात. पॅनिकच्या काही पेशंटमध्ये ही घंटा फार लवकर वाजते, कुकरमध्ये पुरेशी वाफ धरायच्या आधीच शिटी व्हावी तशी, हा माझ्या प्रबंधाचा गाभा. टेस्ट अगदी साधी होती. नेहमीसारखा श्वास सोडायचा, नाकाला चिमटा लावायचा, तोंड बंद ठेवायचं आणि किती वेळ थांबता येतं ते स्टॉपवॉचवर मोजायचं.

रंजना पेणच्या रामवाडीची. गणपतीच्या एका कारखान्यात आखणी करायची. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. माती, साचा, रंग ही सगळी कामं इतरांची. डोळे मात्र शेवटी, आणि तेही मोजक्या हातांनी. ती रेघ पुसता येत नाही. चुकली तर अख्खा चेहरा पुन्हा रंगवायचा. पेण सोडून ती रोह्याला यायची ती एवढ्याचसाठी, की दवाखान्याच्या पायरीवर तिला कुणी ओळखू नये.

"आबांना समजला तर आखणी काढून घेतील माझ्याकडनं," ती म्हणाली होती. "म्हणतील, हिला झटके येतात, हिला मूर्तीखालचे पाट रंगव म्हणावं. मना पाट नाय रंगवायचे, मॅडम. वीस वर्सं डोळे काढतेय मी."

आबा म्हणजे कारखान्याचे मालक. मी त्यांना चांगली ओळखत होते, पण हे तिला सांगितलं नाही. पेशंटच्या आकड्यांशी तुलना करायला निरोगी माणसं लागतात. त्यांना आमच्या भाषेत कंट्रोल म्हणतात. माझे सगळे कंट्रोल आबांच्या कारखान्यातले होते. रंजना आजारी म्हणून घरी बसली होती, त्याच महिन्यात मी तिथे जाऊन मोजून आले होते. रोह्याहून पॅसेंजर पकडायची, कासू स्टेशन गेलं की वह्या आवरायच्या, पेणला उतरायचं. आबांनी पहिल्याच दिवशी माणसं काढून दिली.

"बाकीच्यांचे हात मातीत हायत, बाई. आखणीवाले घ्या. त्यांचे हात कोरडे हायत."

मला घबाड मिळाल्यासारखं वाटलं. ओळीनं बसलेली, हसरी, धडधाकट माणसं. एकेकाचा आकडा असा की स्टॉपवॉच बिघडलं की काय म्हणून मी दोनदा तपासलं. वहीत शेवटी शेऱ्याचा एक रकाना होता. त्यात मी पहिल्या माणसापुढे लिहिलं, "श्वास रोखताना उजवी करंगळी पुढे." दुसऱ्यापुढेही तेच. पाचव्यानंतर नुसतं "वरीलप्रमाणे" लिहीत गेले. का, असं एकालाही विचारलं नाही. निरीक्षण करणं आणि बघणं यांत काय फरक आहे ते मी वर्गात मुलांना तावातावानं सांगायचे.

मुंबईत माझ्या गाईडनी तक्ते पाहिले. सर कमी बोलायचे.

"पेशंट आणि कंट्रोल यांत एवढा फरक?"

"हो सर."

"फार छान आहे."

"थँक्यू सर."

"मी कौतुक नाही करत. एवढं छान आलं की मला अस्वस्थ वाटतं. अजून पाच कंट्रोल घ्या आणि मग लिहायला बसा."

मी पुन्हा पेणला गेले. गणपती महिन्यावर आले होते. कारखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. जिकडे बघावं तिकडे पांढरे, गुलाबी, बिनडोळ्यांचे चेहरे. चार माणसं झाली, पाचवं मिळेना. आबांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हाक मारली, "गो रंजना, हिकडं ये. बाई श्वास मोजतात, तुझापण घेऊदेत."

ती कामावर परतल्याचं मला माहीत नव्हतं. कोपऱ्यातून ती उठली. आमची नजरानजर झाली आणि दोघींनीही ओळख दाखवली नाही. त्या मागच्या खोलीतले नऊ सेकंद मला आठवत होते. इथे सगळ्यांसमोर तिनं चिमटा फेकला असता, तर तिची वीस वर्षं तिथेच संपली असती, आणि ती माझ्यामुळे.

"राहू दे आबा," मी म्हटलं. "आज एवढे पुरेत."

"एकानं काय होताय? घ्या की. का गो, घाबरतेस का काय?"

दोघं-तिघं हसले. रंजना हसली नाही. ती एका मूर्तीसमोर जाऊन मांडी घालून बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "घ्या मॅडम. पण चिमटा नको. नि माझा ब्रश हातात असूंदे. काम थांबवून नाय जमायचा."

नियमात ते बसत नव्हतं. मी मान डोलावली. आबा तिच्या पाठीशी उभे राहिले.

तिनं बारीक ब्रश काळ्या रंगात बुडवून वाटीच्या काठावर निपटला. उजव्या हाताची करंगळी मूर्तीच्या गालावर टेकवली. माझं लक्ष त्या करंगळीवर गेलं आणि तिथून हललंच नाही. तिनं श्वास सोडला. मी बटण दाबलं.

वरच्या पापणीची रेघ नाकाकडून निघाली आणि कानाकडे गेली. तिचे खांदे हलत नव्हते, छाती हलत नव्हती. दहा सेकंद. मी तिच्या मानेवरची शीर बघत होते. आता, आता उठेल. वीस. खालची रेघ. ब्रश उचलला, पुन्हा टेकवला, करंगळी जागची हलली नाही. तीस. बुबुळाचा गोल तिनं एका वळणात पुरा केला. कारखान्यात रेडिओ चालू होता, पण मला तो ऐकू येत नव्हता. मग तिनं ब्रश मागे घेतला, करंगळी उचलली आणि सावकाश श्वास आत घेतला.

एकेचाळीस.

मूर्ती एका डोळ्यानं माझ्याकडे बघत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे लिहायला मला आज लाज वाटत नाही. तीच बाई, तीच फुप्फुसं, तेच रक्त, मेंदूच्या बुडाशी तीच घंटा. रोह्याला नवव्या सेकंदाला तिला मरण दिसलं होतं. इथे ती घंटा एकतर वाजलीच नव्हती, नाहीतर वाजत असताना तिनं डोळा पुरा केला होता. शरीराविषयी इतकी वर्षं शिकवून मी त्याला किती कमी ओळखते हे मला तिथे जमिनीवर बसल्या बसल्या कळलं.

"किती आला?" आबांनी विचारलं.

"एकेचाळीस."

"मग! आखणीवाली हाय ती. श्वास हलला तर रेघ हलते, बाई. आमी सगळे रोखूनच काढतो. पोरं पहिला वर्सभर नुसती करंगळी टेकून श्वास धरायला शिकतात, मग ब्रश देतो."

हे वाक्य ऐकलं आणि माझ्या हातातली वही एकदम जड झाली. माझे सगळे निरोगी कंट्रोल हे श्वास रोखण्यात वर्षानुवर्षं तयार झालेले लोक होते. पोहणारे घेऊन मी जगाला सांगायला निघाले होते की निरोगी माणूस असा पोहतो. करंगळी पुढे, करंगळी पुढे, वरीलप्रमाणे.

मी सरांना सगळं सांगितलं.

"सगळे कंट्रोल बाद?"

"सगळे, सर."

"किती दिवस लागतील?"

"वर्ष तरी जाईल."

"जाऊ द्या. आणि त्या बाईंचं वेगळं प्रकरण लिहा. बाकीचा प्रबंध कुणीही लिहिला असता."

वर्षाच्या जागी दीड गेलं. कासूचे भातवाले, रोह्याचे मास्तर, एसटीचे कंडक्टर, कंपनीत शिफ्टला जाणारे, सगळ्यांना चिमटे लावले. फरक राहिला, पण आधीसारखा झगझगीत नाही. रंजनाच्या परवानगीनं, तिचं नाव न घालता, तिला दवाखान्यात ब्रश आणि मूर्ती देऊन आणि न देता पुन्हा पुन्हा मोजलं. ब्रशशिवायचा आकडा गोळ्यांनी आणि सरावानं हळूहळू वर चढला. ब्रश हातात असतानाचं ते कोडं मला पुरतं उलगडलं नाही. मी प्रबंधात तसंच लिहिलं. व्हायव्हात परीक्षकांनी सर्वांत जास्त वेळ त्याच प्रकरणावर घालवला.

लोक मला विचारतात, संशोधनातून काय शिकलात. मी सांगते, कंट्रोल घेताना माणसाचा धंदा आधी विचारावा.

पीएचडी मिळाली तेव्हा पेढे घेऊन पेणला गेले. रंजना आखणीवरच होती. आबा बाहेर गेले होते. तिनं हळूच विचारलं, "मॅडम, तुमी आमच्या सगळ्यांचे आकडे काढून टाकलेत म्हणतात. म्हंजे आमी नापास झालो?"

"नाय गो. नापास मी झाले."

ती हसली, पेढा तोंडात टाकला, हात पुसले आणि करंगळी टेकवली. मी बोलायची थांबले.