आप्पांचा विरोध

हजेरी रजिस्टरवर चार सह्या झाल्या होत्या आणि पाचवी मिळत नव्हती. मासिक सभेला निम्मे तरी सदस्य लागतात, त्याला आम्ही गणपूर्ती म्हणतो. आमचं बोर्ड दहा जणांचं. थेट लोकांमधून निवडून आलेल्या नव्या सरपंच नंदाताई आणि त्यांच्या पॅनेलचे तिघं येऊन बसले होते. जुन्या पॅनेलचे सहाही जण घरी. सरपंचपद हातचं गेल्यावर त्यांनी ठरवूनच टाकलं होतं, की बाईला एक सभा धड चालवू द्यायची नाही.

मी तेव्हा न्हावऱ्याच्या पुढच्या एका गावात ग्रामसेवक होतो. मला सगळे भाऊसाहेब म्हणायचे. विषयपत्रिकेवर टाकीची गळती होती, प्यायच्या पाण्याचा प्रश्न होता. म्हणून मीच आप्पांना फोन लावला. आप्पा जुन्या पॅनेलचे म्होरके, पंधरा वर्षं सरपंच राहिलेले, कट्टर जुन्या वळणाचे.

ते काठी टेकत आले. मागोमाग त्यांचा पुतण्या संपत आला. तोही सदस्यच. त्याने आप्पांना दारातच अडवलं. सही करू नका, सगळा डाव मोडेल, म्हणाला.

"संपत, लोकांनी निवडून दिलंय तिला. न्हाई पटलं तर समोर बसून न्हाई म्हणायचं. घरात बसून कसला इरोध?"

संपत तसाच माघारी गेला. आप्पांनी सही केली, टाकीच्या ठरावाला हात वर केला. पुढचा विषय जुनी तालीम पाडून तिथे व्यायामाची यंत्रं बसवण्याचा. आप्पा उठले. त्या मातीत गावाच्या चार पिढ्या घडल्या, यंत्रं शाळेमागे बसवा, म्हणाले. नंदाताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि मतदान घेतलं. चार विरुद्ध एक.

"माझा इरोध नोंदवा, भाऊसाहेब," एवढं बोलून आप्पा खाली बसले.

इथे माझी चूक झाली. सभेच्या वृत्तांताला आम्ही इतिवृत्त म्हणतो. ते सभेआधीच लिहून ठेवायची मला खोड होती, आणि प्रत्येक ठरावाखाली 'सर्वानुमते मंजूर' लिहायला हात सरावलेला. तालमीच्या ठरावाखालीही तेच लिहिलं होतं. शिरूरला मीटिंग होती, मी घाईत निघालो. दुरुस्ती राहून गेली.

त्या पानाचा फोटो गावच्या ग्रुपवर फिरला. आप्पांनी तालीम विकली, असं त्यांच्याच माणसांनी लिहिलं. संपतने बोलणं टाकलं. आप्पा ऑफिसात आले, तेव्हा आवाज चढलेला नव्हता.

"आवं, हरलो त्याचं काय न्हाई. पन मी न्हाई म्हणलो हुतो ना?"

मी मान खाली घातली. लिहिलेल्या पानावर खाडाखोड चालत नाही, पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचतात तेव्हा दुरुस्ती करू, महिनाभर थांबा, म्हणालो. नियम खरा होता. पण त्याच दिवशी संपतच्या घरी जाऊन सांगायला कुठला नियम आडवा येत होता? मला लाज वाटली, म्हणून गेलो नाही.

आप्पा त्याच महिन्यात गेले. सकाळी गोठ्यात कोसळले ते उठलेच नाहीत.

दशक्रियेला आमच्याकडे नदीकाठी भाषणं होतात. संपत माइकवर रडला. चुलत्याने शेवटी शेवटी आपली माणसं सोडली, याचं दुःख आहे, म्हणाला. मी मागच्या रांगेत बसून होतो. तेव्हा तरी उठायला हवं होतं. उठल्या त्या नंदाताई. आप्पांनी मला तोंडावर विरोध केला, असं त्यांनी सांगितलं. पण समोरच्या पार्टीच्या बाईचं कोण खरं धरणार? लोक चपला शोधायला लागले.

तेराव्यानंतर मी संपतकडे गेलो आणि सगळं कबूल केलं.

"ह्ये आप्पा जिते हुते तवा का न्हाई सांगितलं?"

पुढच्या सभेत दुरुस्ती वाचणार आहे, तू ये, एवढंच मी म्हणालो.

पुढच्या सभेला तो आला. मी दुरुस्ती वाचून दाखवली, एक सदस्य विरोधात. चूक माझी, हेही वाचलं. संपतने ते पान दोनदा वाचलं आणि हजेरीवर सही केली. त्या पानाचा फोटो मात्र कोणी ग्रुपवर टाकला नाही. तालीम पुढच्याच आठवड्यात पाडली.

मी आता रिटायर झालोय. त्या सभेपासून नोकरी संपेपर्यंत 'सर्वानुमते' हा शब्द मी सभा उठल्याशिवाय कधी लिहिला नाही. लोक समोर असताना विचारून घ्यावं, नंतर विचारायला माणूस असेलच असं नाही.