चिठ्ठी न घेणारे शेठ

मुलांनो, तुमच्यातली धाकटी तिकडच्या शाळेत तोंडच उघडत नाही म्हणून तुमची आई काल फोनवर रडली. मला आता फार वेळ बोलवत नाही, धाप लागते. म्हणून लिहिते आहे.

नव्वदच्या दशकात आम्ही पेठ गावात राहत होतो. मी हायस्कुलात इंग्रजी शिकवायची. घरासमोर, नाशिक रस्त्याला, एका जैन शेठचं किराणा दुकान होतं. चार-पाच वर्षांचं पोर आलं की ते हात जोडायचे. "बोला पावणं, काय देऊ?" पोरानं चिठ्ठी पुढे केली तर न वाचताच परत. "चिठ्ठी नको. तोंडानं सांगा."

मागची गिऱ्हाइकं कुरकुरायची. "शेठ, आमची एसटी जाईल की!"

"दुसरी येईल, राव. पावण्यांचं अजून ठरतंय."

तुमची आई तेव्हा लहान. घरात अखंड बडबडायची, उंबऱ्याबाहेर मुकी. पहिलीत घालायच्या वेळी गुरुजी म्हणाले, "बोलली नाही, तर वर्षभर थांबवू." मी तिला रोज दुकानात धाडू लागले. ती नुसतं बोट दाखवायची. शेठ मुद्दाम भलतंच द्यायचे. मीठ हवं तर हळद, साखर हवी तर साबण. शाळेतून दमून यायचं आणि ते बदलायला पुन्हा जायचं. मी अगदी कंटाळून गेले.

"शेठ, पुरे करा आता. घरी येऊन रडते ती."

"बाई, घाई तुमाला हाय. तिला न्हाई."

रागच आला मला. वर्ष तिचं जाणार होतं, त्यांचं नाही.

एका दुपारी आम्ही दोघी दुकानात होतो. रस्त्यानं मेंढ्यांचा कळप चालला होता. शेठ पाठमोरे होऊन फळीवरून काही काढत होते. एक मेंढी आत शिरली आणि तिनं बाजरीच्या पोत्यात तोंड घातलं. मी काही म्हणायच्या आत तुमची आई ओरडली, "शेठ, मेंढी बाजरी खातेय!"

शेठ वळलेच नाहीत. "कुठं? मला न्हाई दिसत."

"ती काय! पोत्यात! हाकला ना!"

मेंढपाळ काठी घेऊन धावला. शेठनी त्याला हातानं थोपवलं. "खाऊ दे रं. पावणं बोलत्यात."

मग त्यांनी गुरुजींना दुकानात बोलावलं आणि तिलाच ती गोष्ट सांगायला लावली. तिनं अर्धीच सांगितली, तीही पुटपुटत. गुरुजी म्हणाले, "चालेल."

पुढे रस्ता रुंद झाला, त्यात दुकान गेलं. शेठ मुलाकडे पुण्याला गेले आणि तिथेच वारले.

तुमची आई अजूनही अनोळखी माणसांत बराच वेळ गप्प बसते. मग बोलते.